गुलछडीचे तारण

वर्तमानपत्रात बारीक टायपात बाजारभाव छापून येतात. बहुतेक वाचक तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मी मात्र आयुष्यभर ते वाचत आलो. बँकेत होतो तेव्हा कामाचा भाग म्हणून आणि निवृत्तीनंतर सवय सुटत नाही म्हणून. कांदा, बटाटा, लसूण झाले की पालेभाज्या, मग फळे आणि सगळ्यात शेवटी फुले. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजाराची यादी मला जवळजवळ पाठ आहे. झेंडू, गुलछडी, अष्टर, कापरी, शेवंती, गुलाबगड्डी, गुलछडी काडी, डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन. इंग्रजीतल्या ॲस्टरला आमच्या बाजाराने 'अष्टर' करून टाकले आहे आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. नवरात्रातल्या अष्टमीच्या शेजारी तो शब्द शोभून दिसतो.

या यादीत गुलछडी दोन जागी येते. नुसती 'गुलछडी' म्हणजे किलोवर विकले जाणारे सुटे फूल, हारात आणि वेणीत जाणारे. 'गुलछडी काडी' म्हणजे तेच फूल दांड्यासकट कापलेले, गड्डी बांधून विकायचे, दिवाणखान्यातल्या फुलदाणीत आणि लग्नाच्या व्यासपीठावर जाणारे. शहरातले आपण त्याला निशिगंध म्हणतो. हिंदीतल्या रजनीगंधा या नावाला १९७४ साली बासू चटर्जींच्या चित्रपटाने एक वेगळीच झळाळी दिली. त्यातला अमोल पालेकर आपल्या प्रेयसीसाठी याच काड्या घेऊन येतो. माझ्या पिढीतल्या कितीतरी तरुणांनी त्यानंतर एकदा तरी दांड्यांची गड्डी वर्तमानपत्रात गुंडाळून कुणाच्या तरी घरी नेली असेल. ती काडी कुठल्या गावाहून येते, हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

मला तो नोकरीने पाडला. बँकेतला अधिकारी म्हणून मी काही वर्षे दौंड तालुक्यात आणि पुढे शिरूर तालुक्यात काढली. नकाशावर हे दोन्ही तालुके शेजारी, मधून भीमा. वाळकी आणि रांजणगाव सांडसच्या संगमावर मुळा-मुठा तिला येऊन मिळते. म्हणजे पुणे शहराने वापरून सोडलेले पाणी, बरे-वाईट सगळे, याच दोन तालुक्यांच्या शिवेवरून पुढे जाते. पण कर्जाच्या वहीत हे दोन तालुके वेगवेगळे दिसत. दौंडच्या पश्चिम अंगाला, यवत, खुटबाव, केडगाव, वरवंड या पट्ट्यात खडकवासल्याचा कालवा. म्हणून ऊस आणि उसामागोमाग गुऱ्हाळे. शिरूरला घोड, कुकडी आणि चासकमानचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस आणि कांदा. जिथे नाही पोचले तिथे, पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या बाजूला, बाजरी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. गुलछडी मात्र मी दोन्हीकडे एकाच जागी पाहिली. घरालगत, विहिरीच्या जवळ, दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा. लांबच्या शेतात ती कुणी लावत नाही. का लावत नाही, ते पहाटे पाच वाजता त्या घरी मुक्कामाला असल्याशिवाय कळत नाही.

आपल्या देवघरात आणि लग्नमंडपात इतके मुरलेले हे फूल मुळात आपले नाहीच. ते मेक्सिकोचे. तिथल्या जुन्या ॲझ्टेक लोकांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ होतो 'हाडाचे फूल', बहुधा त्या पांढऱ्या, टणक, मेणचट पाकळ्यांवरून. स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले आणि पुढे ते आपल्याकडे आले. इंग्रजीत त्याला ट्यूबरोझ म्हणतात, पण त्याचा गुलाबाशी काही संबंध नाही. कंदाळ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा तो अपभ्रंश आहे. मला सर्वांत गंमत वाटली ती अलीकडच्या बदलाची. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या फुलाचे जुने शास्त्रीय नाव मोडीत काढून त्याला थेट घायपाताच्या गोतात नेऊन बसवले. घायपात! शिरूरच्या माळावर, बांधाला, रेल्वेच्या कुंपणाला जो काटेरी, करवतीसारखा उभा असतो, तो या नाजूक निशिगंधाचा सख्खा चुलत भाऊ निघाला. नाते कळल्यावर साम्यही दिसू लागते. दोघांचाही सरळ उभा दांडा, त्यावर खालून वर फुलत जाणारी फुले, आणि सगळा जीव मुळाशी साठवून ठेवण्याची सवय.

लागवड एप्रिल-मे महिन्यांत. जुन्या प्लॉटमधून काढलेले कंद पंधरा-वीस दिवस सावलीत पसरून ठेवतात. त्यांना विसावा लागतो. मग निवड. सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा कंद लावायचा, बारका बाजूला टाकायचा, कारण बारक्याला पहिल्या वर्षी नुसतीच पात येते. जमीन निचऱ्याची हवी. पाणी तुंबले की खोड जमिनीलगत कुजते आणि पांढऱ्या बुरशीत मोहरीएवढे दाणे दिसू लागतात; ते दिसले की त्या ओळीची आशा सोडायची. एक फूट बाय पाऊण फूट अंतर धरले तर एकरी पन्नास-साठ हजार कंद बसतात. पूर्वी सपाट वाफे असत, आता गादीवाफा आणि ठिबक. तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे निघू लागतात, आणि एकदा लावलेला प्लॉट खोडवा ठेवून तीन वर्षे चालतो. उसात मुरलेल्या दौंडकराला खोडवा हा शब्द शिकवावा लागत नाही.

जातींचे दोन मुख्य प्रकार, सिंगल आणि डबल. सिंगलला पाकळ्यांचा एकच फेर आणि वास भरपूर; हारासाठी आणि अत्तरासाठी तीच. डबल भरगच्च दिसते, दांडा जाड, काडी म्हणून उठून दिसते, पण वासात ती सिंगलच्या पासंगालाही पुरत नाही. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागाईत संशोधन संस्थेने शृंगार, सुवासिनी, प्रज्वल, वैभव या जाती काढल्या. त्यातल्या प्रज्वलच्या कळीवर किंचित गुलाबी झाक असते आणि ती सुटी आणि काडी अशी दोन्हीकडे चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी आपल्याकडे रुजली. पुष्पसंशोधनाचे राष्ट्रीय संचालनालयही आता पुण्यातच आहे. वर उल्लेखलेल्या अष्टरचे फुले गणेश वाणही पुण्यातल्याच गणेशखिंड केंद्राचे. पुणेकरांना आपल्या शहरातल्या पुष्कळ गोष्टींचा अभिमान असतो. त्यात ही भर घालायला हरकत नाही.

आता पहाटेचे. सुटे फूल तोडायचे ते कळी टपोरी झालेली पण उमललेली नाही अशा वेळी, आणि ऊन चढायच्या आत. उमलले की ते हारवाल्याच्या कामाचे राहत नाही. एका किलोत साधारण हजारभर कळ्या बसतात. हजार वेळा वाकायचे, चिमटीने कळी खुडायची, ओट्यात टाकायची, तेव्हा एक किलो. सरावलेली बाई पाच ते आठ या वेळात पाच-सहा किलो तोडते. काडीचे तंत्र वेगळे. खालची दोन-तीन फुले उमलली की दांडा तळाशी कापायचा, लगेच पाण्यात उभा करायचा, मग मोजून गड्डी बांधून ती कागदात गुंडाळायची. उरलेल्या कळ्या गिऱ्हाइकाच्या घरी, आठवडाभर, रोज एक-दोन अशा उमलतात. पाण्यात चमचाभर साखर टाकली तर आणखी दोन दिवस. हे सगळे आटोपून माल रस्त्यावर टेम्पोच्या वेळेला पोचवायचा. टेम्पो चुकला की त्या दिवसाची तोड उकिरड्यावर.

यवतजवळच्या एका वाडीतल्या वहिनी हे काम गेली पस्तीस वर्षे करीत आहेत. त्यांच्या यजमानांचे उसाचे कर्ज आमच्या शाखेत होते, त्यामुळे माझे जाणे-येणे. पंधरा गुंठे गुलछडी. व्यापाऱ्याकडून येणाऱ्या हिशोबाच्या पट्ट्या त्या स्वयंपाकघरातल्या एका तारेला अडकवून ठेवीत. वजन, दर, त्यातून आडत, हमाली, तोलाई, भाडे वजा जाऊन उरलेली रक्कम. मी एकदा सहज ती तार उतरवून पट्ट्या तारीखवार लावल्या. बँकेतल्या माणसाला दुसरे सुचणार काय? तर एकाच महिन्यात दर दहापट खाली-वर झालेला. फूल तेच, शेत तेच, तोडणारे हात तेच.

"हे असं कसं चालतं, वहिनी?" मी विचारले.

"भिंतीवर बघा की, साहेब," त्या म्हणाल्या. भिंतीवर दिनदर्शिका होती.

गुलछडीचा दर पंचांगावर ठरतो. श्रावण लागला की चढ, गणपतीत उसळी, पितृपक्षात आदळआपट, नवरात्रात पुन्हा वर. मार्गशीर्षाचे गुरुवार बरे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत झाड दांडे कमी काढते, म्हणून माल थोडा आणि भाव कडक. लग्नाच्या तिथी दाट असल्या तर काडीला सोन्याचे दिवस. २०१८ साली ज्येष्ठ अधिक आला, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन लग्नसराईत. अधिक मासात लग्ने होत नाहीत. प्लॉट मात्र फुलायचा थांबत नाही. किलोला दहा-वीस रुपयांपासून दोन-तीनशेपर्यंत सगळे दर या फुलाने पाहिले आहेत, आणि खालच्या दराला तोडणीची मजुरीही सुटत नाही. तमिळनाडूत, सत्यमंगलमच्या बाजूला याच फुलाला सम्पंगी म्हणतात. तिथे अत्तराचा अर्क काढणारे कारखाने आहेत. हजार-बाराशे किलो फुलांतून जेमतेम किलोभर घट्ट अर्क निघतो, पण बाजार पडला तर माल घ्यायला दुसरे दार तरी असते. आमच्या वहिनींना मार्केट यार्ड हे एकच दार.

अशा पिकाला कर्ज कसे द्यायचे? बँकिंगचा पाया तारण. सोने कपाटात राहते, कांदा चाळीत राहतो, साखर गोदामात. फूल संध्याकाळपर्यंतही राहत नाही. पीककर्जाचे एकरी दर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते; उसाचा आकडा साऱ्या तालुक्याला पाठ, फुलाचा विचारायला कुणी येत नसे. कर्जाच्या छापील अर्जात त्या काळी पिकांचे रकाने होते, त्यात 'इतर' या शेवटच्या रकान्यात गुलछडी बसवावी लागे. वरिष्ठांकडे मी त्यावर दोनतीनदा लिहिले. शेवटी विहिरीवरच्या मोटारीसाठी म्हणून वहिनींच्या घरी कर्ज मंजूर झाले आणि ते पाणी आम्ही सगळ्यांनी मिळून गुलछडीकडे वळवले.

नेमक्या त्याच दशकात पॉलीहाऊसचे वारे आले होते. १९९१ नंतर निर्यातीचे दरवाजे उघडले, फुले परदेशी जाणार, गुलाबाची काडी हॉलंडच्या लिलावात उभी राहणार, अशी स्वप्ने रंगत होती. पुढे तळेगाव दाभाड्याला फुलांसाठी खास औद्योगिक क्षेत्र झाले. त्यातून काही जण खरोखर उभे राहिले आणि आज डच गुलाब, जरबेरा यांत पुणे जिल्ह्याचे नाव आहे, हे मान्य केले पाहिजे. पण किती सांगाडे नुसतेच उभे राहिले, त्यांचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फाटून फडफडत राहिला, तेही आम्ही पाहिले. बँकांना पॉलीहाऊस आवडे. माझे स्पष्ट मत आहे की त्याचे कारण त्यातले फूल नव्हते, लोखंड होते. लोखंडाचे मूल्यांकन करता येते, त्यावर बोजा चढवता येतो. वहिनींच्या पंधरा गुंठ्यांत जप्त करण्यासारखे काही दिसत नव्हते.

आणि हप्ते मात्र वेळेवर येत ते त्या पंधरा गुंठ्यांतून. उसाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा, कारखाना देईल तेव्हा, आणि तो यजमानांच्या खात्यावर. त्यातून सोसायटी, खताचे दुकान, लग्नाकार्याची उधारी. फुलाचा पैसा थोडा, पण आठवड्याला येणारा, आणि तो वहिनींच्या हातात. मुलाची फी, मुलीचे शिवणयंत्र, दवाखाना आणि बँकेचा हप्ता त्यातून निघाला. गावोगावी मी हेच पाहिले. शिरूरला बदली झाल्यावर न्हावऱ्याच्या बाजूला एका आजींनी तर मला बजावूनच सांगितले होते, "उसाचं काय ते आमच्या ह्यांना विचारा, साहेब. फुलाचं माझ्यापाशी बोलायचं."

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. देवळे बंद, लग्ने बंद, फुलबाजार बंद. गुढीपाडव्याची, रामनवमीची फुले शेतातच उमलली. मी तेव्हा निवृत्त होऊन घरात अडकलेलो. वहिनींना फोन केला तर म्हणाल्या, "वास येतोय, साहेब, सगळ्या वाडीला वास येतोय. इतकी फुललेली मी पण कधी बघितली नव्हती. रोज संध्याकाळपर्यंत झाडावर फूल ठेवायची सवयच नाही ना." मग थोडे थांबून म्हणाल्या, "दांडे कापून म्हशीपुढं टाकतोय."

मला वाटले, पंधरा गुंठे मोडणार. तसे झाले नाही. त्यांचा प्लॉट त्या वर्षी तीन वर्षांचा झालेला, नाहीतरी मे महिन्यात उपटायचाच होता. एका कंदाच्या जागी तीन वर्षांत गड्डाच तयार होतो. मोठे कंद काही, बारके पुष्कळ. स्वतःच्या लागवडीपुरते ठेवून उरलेले त्यांनी त्या पावसाळ्याच्या तोंडावर आसपासच्या शेतकऱ्यांना विकले. फुलाने त्या वर्षी काही दिले नाही, कंदाने दिले. ज्या पिकाला आम्ही कायम बिनतारणाचे म्हणत आलो, त्याचे तारण सगळा वेळ वीतभर मातीखाली होते आणि दर वर्षी वाढत होते. कर्जाच्या कुठल्याही फॉर्मवर त्याचा रकाना मी कधी पाहिला नाही. उसाच्या बेण्याचा असतो.

टाळेबंदी उठली, बाजार सुरू झाला, पण तोवर दुसराच पाहुणा मंडपात येऊन बसला होता. प्लास्टिकची फुले. सजावटवाल्याला ती सोयीची. एकदा घेतली की पन्नास लग्ने. कोमेजत नाहीत, पंचांग पाहत नाहीत, दर ठरलेला. हार, तोरणे, गौरीपुढची आरास, सगळीकडे ती शिरली. फूलउत्पादकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेतही बंदीची मागणी झाली. बंदी किती पाळली जाते हे आपण प्लास्टिकच्या पिशव्यांच्या बाबतीत पाहिलेच आहे, त्यामुळे मी त्यावर फार विसंबत नाही. मला भाव पडण्यापेक्षा दुसरीच काळजी वाटते. झेंडू, अष्टर, शेवंती ही हंगामी पिके. एक हंगाम बिघडला तर पुढच्या वेळी शेतकरी दुसरे काही लावतो आणि दोन वर्षांनी पुन्हा फुलाकडे येतो. गुलछडी तीन वर्षांचा शब्द मागते. वीस गुंठ्यांवर पुढची तीन वर्षे रोज पहाटे उठायला घरात कुणीतरी तयार असावे लागते. रांजणगावच्या कारखान्यांत महिन्याचा ठरलेला पगार मिळत असताना तो शब्द कोण देणार? मोटार, ठिबक, कंद सगळे आहे, पण पहाटे पाचला उठणारी सून नाही, म्हणून मोडलेले प्लॉट मी दोन्ही तालुक्यांत पाहिले. आणि त्या सुनांना दोष द्यायची माझी बिलकूल तयारी नाही.

वहिनींच्या घरी सून आहे, आणि ती उठते. मात्र तिचे म्हणणे वेगळे आहे. सुटी फुले तोडत बसण्यापेक्षा काडी करू. डबल लावू. सजावटवाल्याला मोबाइलवर फोटो पाठवून आधीच गड्ड्या ठरवू, म्हणजे हजार वेळा वाकणे नको आणि बाजाराच्या भरवशावर राहणे नको. हिशोब चुकीचा नाही. त्यातला धोका एवढाच, की सजावटवाल्याने प्लास्टिक घ्यायचे ठरवले तर पहिली सुटते ती काडी. हाराला अजून तरी वासाचे फूल लागते, आणि डबलला सुटे विकावे म्हटले तर हारवाला तिला हात लावत नाही. सासूबाईंचा जीव सिंगलमध्ये आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा कडुलिंबाखाली पोती अंथरून त्यावर कंद पसरले होते. मातीचा ओलसर वास. फुलाच्या वासाशी त्याचे काहीच नाते नाही.

"निम्म्यात डबल लावायचं ठरलंय, काका," सून चहा ठेवता ठेवता म्हणाली. "आत्यांनी हो म्हटलंय."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या सुपारीएवढे कंद एका बाजूला आणि बारके दुसऱ्या बाजूला टाकीत होत्या.

"हे सगळे सिंगलच ना?" मी विचारले. "यातले विकायला किती निघतील?"

"निवडून झाल्याशिवाय कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "साहेब, तुम्ही बसलाच आहात तर ते पलीकडचं पोतं जरा इकडं ओढा."